कुंडात बोललेलं छापता येत नाही

स्टेइनवोर अभ्यासासाठी गावात परत आली तेव्हा मला वाटलं, ही महिन्याभरात काम उरकेल आणि राजधानीला निघून जाईल. विद्यापीठाची मुलं येतात तशी. पण ती राहिली, आणि त्या दीड वर्षात मी तिला जेवढं चिडलेलं पाहिलं तेवढं आमच्या गावात कोणालाच पाहिलेलं नाही. चिडली की ती ओरडायची नाही, पोहायची. सरळ चाळीस फेऱ्या. काठाला हात लावायचा, वळायचं, परत निघायचं. मी माझ्या काचेच्या खोलीतून बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, आज पुन्हा कोणीतरी नकार दिलेला दिसतोय.

मी केटिल. काल्देयरी गावच्या पोहण्याच्या तलावावर एकतीस वर्षं रखवालदार होतो. पाण्यावर लक्ष ठेवायचं, आंघोळ न करता आत येणाऱ्यांना परत पाठवायचं, कॉफीचं भांडं रिकामं होऊ द्यायचं नाही, एवढंच काम. पण तलावाच्या कडेला गरम पाण्याची तीन कुंडं आहेत. अडतीस अंशाचं, चाळिसाचं आणि बेचाळिसाचं. गावातला प्रत्येक निर्णय आधी चाळिसाच्या कुंडात होतो आणि मग नगरपालिकेत. माझी खोली त्या कुंडापासून चार पावलांवर होती. उन्हाळ्यात खिडकी उघडी असायची.

स्टेइनवोर काही कोवळी विद्यार्थिनी नव्हती. चौतीस वर्षांची होती. शाळा संपल्यावर आईच्या, फान्नेईच्या, पाठोपाठ मासळीच्या कारखान्यात लागली, सहा वर्षं माशांचे तुकडे करण्याच्या पट्ट्यावर आणि नंतर तपासणीच्या प्रयोगशाळेत. तिथे असताना एक दिवस शीतगृहातून अमोनिया गळाला. साठ माणसं नाकाला ओली फडकी लावून दोन तास अंगणात उभी होती. दोघींना बोटीने दवाखान्यात न्यावं लागलं. त्या गुरुवारी गावच्या साप्ताहिकात, ‘क्लेट्टुर’मध्ये, बातमी आली: कारखान्यात सुरक्षेचा सराव यशस्वी.

“आपण सराव करत होतो हे मला पेपर वाचून कळलं,” असं ती नंतर कितीतरी वेळा सांगायची. लोक हसायचे. ती हसायची नाही. पुढच्या वर्षी नोकरी सोडून ती विद्यापीठात गेली, आणि शेवटच्या प्रबंधासाठी तिने विषय घेतला आपलाच गाव. नगरपालिका आणि पेपर यांचं एकमेकांशी नातं काय?

नातं काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नगराध्यक्ष सोलरून आणि संपादक ब्रांदुर यांचे आजोबा सख्खे भाऊ. नगरपालिकेचा माहिती अधिकारी ह्याल्ती याने त्याआधी सहा वर्षं ब्रांदुरच्या हाताखाली बातमीदारी केलेली. गाव एकोणीसशे माणसांचं, त्यात कोण कोणाचा नाही? पण माहीत असणं वेगळं आणि कागदावर दाखवणं वेगळं, असं स्टेइनवोरचं म्हणणं.

तिने सुरुवात कागदापासूनच केली. आमच्या खाडीत तेव्हा सामन माशांची पाळणघरं आली होती. पाण्यात गोल जाळी, आत लाखो मासे. त्याबद्दल तीन वर्षांत ‘क्लेट्टुर’मध्ये तीनशे बारा बातम्या आल्या होत्या. तिने वाचनालयात बसून प्रत्येक बातमी नगरपालिकेच्या प्रसिद्धीपत्रकाशेजारी ठेवली. एकशे अठ्ठ्याऐंशी बातम्या शब्दन् शब्द त्याच. एका पत्रकात ‘हजार’च्या जागी ‘हाजर’ पडलं होतं, तर पेपरातही पहिल्या पानावर ‘हाजर’.

“बघ ना केटिल,” तिने मला ते कात्रण दाखवलं. “वाचलंसुद्धा नाही रे त्याने. वाचून खोटं छापलं असतं तर निदान काही कष्ट तरी केले असते.”

मग मुलाखती. विद्यापीठाचा नियम असा की ज्याच्याशी बोलायचं त्याची संमतीपत्रावर सही हवी. सही सगळ्यांनी दिली, तीही हसत हसत. आमच्याकडे कोणी कोणाला दारातून परत पाठवत नाही. कॉफी केली, क्लेइनुरची, म्हणजे तळलेल्या गोड पिळांची, बशी पुढे केली, आईची चौकशी केली. आणि तिने मेजावर ध्वनिमुद्रक ठेवला रे ठेवला की माणूस पत्रकासारखा बोलायला लागायचा. ब्रांदुरची मुलाखत तिने मला ऐकवली होती.

“बातमी कुठून येते, ब्रांदुर?”

“वाचकांच्या विश्वासातून येते.”

“म्हणजे मंगळवारी सकाळी तुझ्या टेबलावर कशी येते?”

“आमचं आणि गावाचं नातं फार जुनं आहे, स्टेइनवोर. तुझा आजोबा आमचा वर्गणीदार होता. चांगला माणूस. अजून एक क्लेइना घे.”

पन्नास मिनिटं असंच. अकरा मुलाखती झाल्या. अकराही जणांनी तिला खायला घातलं आणि एकानेही काही सांगितलं नाही.

ती सकाळी पोहायला यायची ते डोकं शांत करायला. हेरगिरी करायला नव्हे, हे मी शपथेवर सांगेन. पण पोहून झालं की माणूस कुंडातच बसणार, आणि पावणेसातला चाळिसाच्या कुंडात सोलरून, ब्रांदुर आणि ह्याल्ती हे तिघं असायचेच. फेब्रुवारीतली गोष्ट. वादळात दोन जाळी फाटली होती आणि मेलेले सामन किनाऱ्याला लागले होते. स्टेइनवोर हनुवटीपर्यंत पाण्यात, त्यांच्यापासून एका हाताच्या अंतरावर.

“उद्या पेपर,” सोलरून म्हणाली. “लोक विचारणार किती मेले ते. आकडा नको.”

“‘काही प्रमाणात नुकसान’?” ह्याल्ती म्हणाला.

“ते गेल्या वेळी लिहिलं,” ब्रांदुर म्हणाला. “‘अपेक्षेपेक्षा कमी’ लिहू.”

“कोणाच्या अपेक्षेपेक्षा?” ह्याल्तीने विचारलं.

“कोणाच्या का असेना!”

तिघंही हसले. पाणी हललं. गुरुवारी पहिल्या पानावर: नुकसान अपेक्षेपेक्षा कमी.

ते बोलणं झालं त्याच सकाळी स्टेइनवोर ओल्या केसांनी माझ्या खोलीत आली, माझ्या गस्तीच्या वहीची पाठीमागची पानं मागितली आणि सगळं उतरवून काढलं. मग तिथूनच तिने तिच्या मार्गदर्शक बाईला, उन्नुरला, फोन लावला. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

“छान आहे,” उन्नुर म्हणाली. “पण वापरता येणार नाही.”

“का?”

“संमती कुठाय? ते खासगीत बोलत होते.”

“उन्नुर, एक नगराध्यक्ष आहे, एक संपादक आहे आणि तलाव सार्वजनिक आहे. उद्याच्या पेपरचं पहिलं पान ठरवत होते ते. यात खासगी काय?”

“नैतिकता समिती मला हाच प्रश्न उलटा विचारेल. सही आण, मग वापर.”

मग तिने जे केलं ते आजही गावात सांगतात. दुसऱ्या दिवशी ती कुंडात उतरली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात तीन संमतीपत्रं होती आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

“मी तुमचं बोलणं ऐकते,” ती सरळ म्हणाली. “ते मला अभ्यासात वापरायचंय. सही कराल का?”

वाफेत कोणाचं तोंड दिसेना. आधी सोलरून बोलली, अगदी प्रेमाने. “अगं, अंगावर पोहण्याचे कपडे आहेत तोवर मी नगराध्यक्ष नाही. इथे मी नुसती सोलरून.”

“मग नुसत्या सोलरूनने पहिलं पान कसं ठरवलं?”

ब्रांदुर उठला आणि टॉवेल शोधायला लागला. टॉवेल समोरच होता.

दुसऱ्या दिवशी तिघं बेचाळिसाच्या कुंडात जाऊन बसले. तिथे दहा मिनिटांवर कोणाला बसवत नाही. स्टेइनवोर तिथेही गेली. उकडलेल्या खेकड्यासारखे चौघं लालबुंद, कोणी तोंड उघडत नाही, कोणी आधी उठायला तयार नाही. शेवटी मलाच जाऊन ब्रांदुरला बाहेर काढावं लागलं, त्याला रक्तदाबाचा त्रास होता. त्यानंतर ते पावणेसातला यायचेच बंद झाले. सोलरूनच्या घरामागे छोटं कुंड आहे, ते त्या आठवड्यात साफ करून घेतलं गेलं.

अशा वेळी ती माझ्याकडे वळली, आणि हा भाग सांगायला मला अवघड जातं.

“केटिल,” ती म्हणाली, “तू एकोणतीस वर्षं ऐकतोयस. माझ्या तीन वर्षांच्या बातम्यांचं सोड, तुझ्याकडे जवळजवळ तीस वर्षांचं आहे. तू सही कर. मी नाव बदलीन.”

“तलावाचा रखवालदार गावात एकच आहे. नाव बदलून काय बदलणार?”

“मग नाव न बदलता कर.”

“मी नगरपालिकेचा माणूस आहे, स्टेइनवोर. दोन वर्षं राहिलीत माझी.”

तिने वाद घातला नाही. पाण्यात गेली. त्या दिवशी फेऱ्या चाळीसवर थांबल्या नाहीत.

घरीही काही बरं चाललं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ माशांच्या पाळणघरावर बोट चालवायचा आणि फान्नेईला त्याच्या नोकरीची धाकधूक होती. ती तलावावर यायची तेव्हा माझ्यासमोरच दोघींची जुंपायची.

“तुला विचारायचंच आहे तर दुसऱ्या गावात जाऊन विचार ना,” फान्नेई म्हणायची.

“दुसऱ्या गावात मला दार कोण उघडणार?”

“इथे तरी कोण उघडतंय?”

“दार उघडतात गं आई, तोंड उघडत नाहीत!”

एप्रिलमध्ये ‘क्लेट्टुर’च्या तिसऱ्या पानावर छोटी बातमी आली. तलावावर येणाऱ्या नागरिकांत नाराजी. एक विद्यार्थिनी लोकांची खासगी संभाषणं टिपून घेते, त्यामुळे ज्येष्ठांना तलावावर येणं नकोसं झालं आहे, तलावाच्या कर्मचाऱ्यांनीही चिंता व्यक्त केली आहे. नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती.

ती पेपर घेऊन आली आणि तिने तो माझ्यासमोर आपटला.

“कर्मचारी म्हणजे तू. चिंता व्यक्त केलीस?”

“नाही गं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.”

“मग तसं चार ओळी लिहून दे पेपरला. बस, एवढंच.”

मी लिहून देतो म्हणालो. घरी जाऊन कागद घेऊनही बसलो. सकाळी तो कागद शेगडीत टाकला. तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मुलाखती संपल्या होत्या, कुंड संपलं होतं. उरला होता माहितीचा कायदा. तिने नगरपालिकेकडे अर्ज केला: पेपर आणि नगरपालिका यांच्यात त्या तीन वर्षांत जो पत्रव्यवहार झाला तो द्या. उत्तराची मुदत संपली. तिने स्मरणपत्र दिलं. काम वाढल्याने मुदतवाढ घेतली आहे, असं उत्तर आलं. मग कळवलं की अर्ज फार व्यापक आहे. तिने तो आखडता केला. आता म्हणाले, फारच त्रोटक आहे, नेमकं काय हवंय ते समजत नाही. वरच्या समितीकडे अपील केलं, तिथे अपिलांची रांग. या सगळ्यात आठ महिने गेले. उत्तरं पाठवणारा, अर्ज अडवणारा आणि प्रत्येक पत्राखाली ‘स्नेहपूर्वक’ लिहून सही करणारा माणूस एकच होता, ह्याल्ती. वाण्याच्या दुकानात भेटला की तो तिला विचारायचा, “काय गं, कुठवर आला अभ्यास?”

तिकडे उन्नुरचा तगादा. तारीख एकदा पुढे ढकलली, आता ढकलता येणार नाही. स्टेइनवोर सकाळी तलाव, दुपारी कारखान्यात अर्धवेळ काम आणि उरलेला वेळ अर्ज, अशी जगत होती. जेवणाचं भान नाही. माझ्या खोलीत उभ्याउभ्या सुकी मासळी लोण्याला लावून खायची आणि खिडकीतून चाळिसाच्या रिकाम्या कुंडाकडे बघत राहायची.

डिसेंबरात पाकीट आलं. त्रेचाळीस पानं. त्यातली एकतीस वरपासून खालपर्यंत काळी.

“शाई संपली नाही त्यांची?” मी विचारलं.

“एकतीस पानांना पुरली बघ,” ती पानं उलटत म्हणाली. “तारखासुद्धा काळ्या केल्यात रे! तारीख कसली गुप्त?”

आणि मग ती थांबली. एकोणचाळिसावं पान काळं करायचं राहून गेलं होतं. तलावावरच्या नाराजीची ती बातमी, अक्षरन् अक्षर, ह्याल्तीने लिहून ब्रांदुरला पाठवलेली. खाली ब्रांदुरचं उत्तर: ठीक आहे. एक स्वल्पविराम काढला.

ती हसायला लागली. इतकी हसली की बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतून कोणीतरी डोकावून बघितलं. “स्वल्पविराम!” ती डोळे पुसत म्हणाली. “अठरा वर्षं संपादक आहे, आणि काम काय केलं तर स्वल्पविराम काढला!” त्या सगळ्या काळात मी तिला एवढं आनंदात एकदाच पाहिलं. नातं कागदावर आलं होतं, दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट, आणि कायद्याने तिच्या हातात पडलं होतं. कोणाच्या संमतीची गरज नव्हती.

तो आनंद तीन दिवस टिकला. उन्नुरने पान वाचलं आणि फोन केला.

“हे प्रकरण काढावं लागेल.”

“काय?”

“ती बातमी तुझ्याबद्दल आहे. आता तू संशोधक नाही राहिलीस, तू प्रकरणातली बाजू झालीस. परीक्षक पहिला आक्षेप तिथेच घेईल.”

“म्हणजे त्यांनी माझ्याबद्दल खोटं छापलं म्हणून मी ते खोटं आहे असं म्हणायचं नाही?”

“म्हण ना. पण प्रबंधात नको.”

“मग प्रबंधात काय म्हणू? की सगळ्यांनी मला क्लेइनुर खायला दिले?”

बरीच ओढाताण झाली. शेवटी ते पान तळटीपेत गेलं, साडेचार ओळी, नावं काढून. प्रबंध जानेवारीत दिला. दहापैकी साडेसात गुण मिळाले. परीक्षकाचा शेरा तिने मला वाचून दाखवला: विषय महत्त्वाचा, कात्रणांची तुलना चिकाटीची, मात्र मुलाखतींतून ठोस काही हाती लागत नाही, विद्यार्थिनीने लोकांचा विश्वास संपादन करायला हवा होता.

शेरा वाचून झाल्यावर तिने तो कागद नीट घडी करून पाकिटात ठेवला. फाडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मार्चमध्ये ब्रांदुर निवृत्त झाला. त्याच्या जागी संपादक कोण? ह्याल्ती. मग नगरपालिकेतली माहिती अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली. आठवड्याभरात सोलरूनचा स्टेइनवोरला फोन. फान्नेई स्वयंपाकघरातच होती, तिनेच मला सगळं सांगितलं.

“तुझा प्रबंध मी वाचला,” सोलरून म्हणाली. “हुशार आहेस. या कामातलं तुझ्याएवढं गावात कोणाला कळतं? ये तू आमच्याकडे.”

“वाचलास ना? मग मला बोलावतेस कशी?”

“अगं, वाचला म्हणूनच तर बोलावतेय.”

स्टेइनवोरने नाही म्हटलं. फान्नेई त्यानंतर पंधरा दिवस लेकीशी बोलली नाही. नगरपालिकेतली खुर्ची, ऊबदार खोली, समोर खाडी, आणि हिने पुन्हा कारखान्याच्या प्रयोगशाळेत पांढरी टोपी घालून जायचं! चाळिसाच्या कुंडात सगळे परत आले होते, आता नव्या अधिकाऱ्यासह. ते म्हणायचे, पोर मानी आहे. ते कौतुकाने म्हणायचे, हे मला जास्त लागायचं.

त्याच वर्षाच्या शेवटी मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी केक होता, सोलरूनने भाषण केलं. दुसऱ्या दिवशी मी स्टेइनवोरच्या दारात उभा राहिलो.

“आता सांगतो,” मी म्हणालो. “एकतीस वर्षांचं सगळं. लिहून घे, कुठे हवी तिथे सही करतो.”

ती दाराला हात लावून उभी होती. “प्रबंध देऊन वर्ष होत आलं, केटिल.”

“माहितीये.”

“तेव्हा मला चार ओळी हव्या होत्या.”

“तेही माहितीये.”

मला वाटलं, दार लावणार. पण ती आत गेली आणि वही घेऊन आली. त्यानंतर मी दर रविवारी सकाळी जायला लागलो. मी सांगायचो आणि ती लिहायची. बंदराचं काम कोणाला द्यायचं ते कसं ठरलं, शाळेच्या मुख्याध्यापकाला कोणी घालवलं आणि पेपरात त्याची ‘प्रकृती’ कशी बिघडली, अमोनियाच्या दिवशी कुंडात कोण काय म्हणालं. त्या दिवशीचं सांगताना तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. “माहीत नाही,” ती म्हणाली. “छापायचं कुठे? ह्याल्तीकडे?”

मे महिन्यात निवडणूक झाली. सोलरून पुन्हा आली, आधीपेक्षा जास्त मतांनी. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा स्टेइनवोर मेजाशी बसली होती, समोर फोनवर ‘क्लेट्टुर’चं पान, सोलरूनच्या हातात फुलं.

“वाचतात सगळे,” ती म्हणाली. “कुंडात बसतात, ऐकतात, हसतात. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. आणि तरी.” मग एकदम माझ्याकडे वळली. “तू मत कोणाला दिलंस?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण इतके रविवार खरं सांगून झाल्यावर जमेना.

“सोलरूनला,” मी म्हणालो. “माझ्या बायकोच्या आजारपणात ती रोज दवाखान्यात यायची गं.”

स्टेइनवोरने वही मिटली. रागाने नव्हे, हळूच.

“आज जा, केटिल,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी ये, पण आज जा.”

पुढच्या रविवारी मी गेलो. तिने दार उघडलं, वही काढली, कुठवर आलो होतो ते वाचून दाखवलं. कॉफी मात्र केली नाही.